झोन १३ आणि माझं परडं

लॅव्हेंडरची सहा रोपं, अडेनियमच्या (वाळवंटी गुलाबाच्या) दोन कुंड्या आणि हरिमन-९९ जातीच्या सफरचंदाचं एक कलम. २०१९च्या नोव्हेंबरात नाशिक सोडून आम्ही मालवण तालुक्यात आचऱ्याजवळ सासरच्या घरी कायमचं राहायला आलो आणि महिन्याभरात मी मागवलेली ही पहिली झाडं. घरामागे चार गुंठ्यांचं परडं. सासूबाई गेल्यापासून त्याला कुणाचा हात लागला नव्हता. नऊ माड, एक रायवळ आंबा, एक विहीर, पश्चिमेला अर्धा ढासळलेला गडगा आणि मधे कमरेएवढं रान. समुद्र घरापासून सरळ रेषेत जेमतेम सातशे मीटर. रात्री गाज ऐकू येते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षवाल्यांचं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन तारखांभोवती आमच्या घरची लग्नंसुद्धा ठरायची. थंडीची भीती मला लहानपणापासून ठाऊक आहे. निफाडला काही वर्षी पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, पाणी सोडायचं, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून देवाला हात जोडायचे. त्यामुळे रोपांच्या पट्ट्यांवर ‘झोन’ म्हणून आकडे असतात आणि ते थंडीवरून ठरतात, एवढं वाचल्यावर मला ती गोष्ट लगेच पटली. झाडाला थंडीच मारते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

जगाच्या एका नकाशात आमच्या किनाऱ्याचा झोन शोधला. १२ आणि १३च्या सीमेवर कुठेतरी आला. लॅव्हेंडरच्या पट्टीवर होतं ५ ते ९. अडेनियमच्या पट्टीवर १० ते १३. मी असा अर्थ काढला की पहिला आकडा म्हणजे झाडाची थंडी सोसायची ताकद, आकडा जितका लहान तितकी ताकद जास्त. उणे पंचवीस अंशांत टिकणाऱ्या लॅव्हेंडरला मालवणात काय होणार आहे? आणि अडेनियमचा तर आकडाच जुळत होता.

शेजारच्या काकी गडग्यापलीकडून बघत होत्या. त्यांनी लॅव्हेंडरचं पान चुरडलं, वास घेतला आणि विचारलं, “खयसून हाडलंस गो ह्या?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “वास बरो आसा. पण ह्या झाड पावसात जगूचा नाय.” मी त्यांना झोन समजावून सांगायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “आधी जागा बघ, मगे झाड आण.”

मेअखेरपर्यंत सगळं हिरवं होतं. २०२०च्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लॅव्हेंडरची पानं खालून काळी पडायला लागली. सलग अकरा दिवस ऊन नव्हतं. सहाही रोपं महिन्याभरात गेली. उपटून बघितली तर मुळं तपकिरी आणि बुळबुळीत. अडेनियमचं त्याहून वाईट वाटलं, कारण त्याचा बुंधा बाहेरून टणक दिसत होता. बोट दाबलं तर आत गेलं. आतून सगळा कुजला होता. सफरचंदाचं कलम मात्र मेलं नाही. ते आजही आहे, पानं येतात, गळतात, पुन्हा येतात, पण फुलाचा पत्ता नाही. सफरचंदाला हिवाळ्यात साधारण सात अंशांखालचे पुष्कळ तास लागतात. ही कमी थंडीत फळणारी जात असली तरी आमच्याकडे त्या अंशांचा एक तासही कधी मिळत नाही.

लॅव्हेंडर मेलं ते समजण्यासारखं होतं, आकडा जुळत नव्हता. पण अडेनियमचा आकडा जुळूनही ते का मेलं? या एका प्रश्नासाठी मी त्या पावसाळ्यात झोन म्हणजे नेमकं काय, ते मुळापासून वाचायला घेतलं.

हे झोन अमेरिकेच्या कृषी खात्याचे. पहिला नकाशा त्यांनी १९६० साली काढला. त्यात एकच गोष्ट मोजतात: एखाद्या ठिकाणी वर्षातल्या सगळ्यात थंड रात्री पारा किती खाली जातो, आणि अशा अनेक वर्षांच्या नीचांकांची सरासरी किती. दर दहा फॅरनहाइट अंशांना एक झोन, त्याचे पुन्हा ‘अ’ आणि ‘ब’ असे पाच-पाच अंशांचे दोन भाग. १२ आणि १३ हे उष्ण प्रदेशांसाठीचे झोन तर त्यांच्या नकाशात २०१२ साली आले. नोव्हेंबर २०२३मध्ये नवा नकाशा आला, तो १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवर आहे. त्यात अमेरिकेचा जवळपास निम्मा भाग अर्ध्या झोनने उबदार बाजूला सरकला. तिथल्या माणसाला हे सगळं फार मोलाचं आहे. जमीन गोठते तिथे कोणतं झुडूप वसंतात पुन्हा फुटेल, हाच पहिला प्रश्न असतो.

आमच्याकडे तो प्रश्नच नाही. मी परड्यात तुळशीजवळ, सावलीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर कमाल-किमान तापमापक टांगला आणि रोज सकाळी सातला वहीत लिहायला लागले. तीन हिवाळ्यांचे नीचांक आले १५.८, १६.४ आणि १५.२. सरासरी १५.८ अंश सेल्सिअस. झोन १३ सुरू होतो १५.६ला. म्हणजे माझं परडं झोन १३ ‘अ’मध्ये, तेही उंबरठ्यावर. तीन वर्षांच्या नोंदीवर असा निवाडा करू नये, हे मला कळतं. पण त्याने फरक काय पडणार होता? १२ धरा की १३, थंडीने आमच्याकडे एकही झाड मरत नाही. आमच्या परड्यात जे मरत होतं, ते त्या आकड्यात मोजलेलंच नव्हतं.

चेन्नईची थंडी जवळजवळ आपल्यासारखी. नकाशात रंगही जवळपास तोच. पण तिथे पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर, वर्षाला सुमारे चौदाशे मिलिमीटर. आमच्याकडे जून ते सप्टेंबर, आणि आकडा त्याच्या दुपटीहून जास्त. एकाच झोनमधली ही दोन गावं. अडेनियम मुळात अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं. त्याला आमची थंडी चालते, ऊन चालतं, चार महिने ओली माती चालत नाही. पट्टीवर ते लिहिलेलं नव्हतं, कारण त्या पट्टीचं ते कामच नाही.

वाचता वाचता उष्णतेचा नकाशाही सापडला. अमेरिकेच्या बागायत संस्थेने तो १९९७ साली काढला. त्यात वर्षाचे किती दिवस पारा ३० अंशांच्या वर जातो ते मोजतात आणि त्यावर १२ पट्टे पाडतात. २१० दिवसांच्या वर गेलं की शेवटचा, बारावा पट्टा. हे मला जास्त उपयोगाचं वाटलं, म्हणून वर्षभर मोजलं. आमचे २२९ दिवस भरले. त्यात एक गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्याकडे नोव्हेंबरची दुपार एप्रिलच्या दुपारीपेक्षा कमी तापत नाही, काही दिवस जास्तच तापते. तेव्हा जमिनीकडून, पूर्वेकडून मतलई वारे वाहतात आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो. एप्रिलमध्ये अकरा वाजता खारा वारा येतो आणि पारा थोपतो. नाशिकच्या सवयीने मी ‘पाऊस संपला, आता हवा थंड होणार’ म्हणून ऑक्टोबरच्या मध्याला कोबी-फुलकोबीची रोपं लावत होते आणि ती दोन आठवड्यांत मान टाकत होती. आता डिसेंबर लागल्याशिवाय लावत नाही.

पुढे मी आपल्याकडचं वर्गीकरण शोधलं, आणि खरं म्हणजे सुरुवात तिथूनच करायला हवी होती. नियोजन आयोगाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस देशाचे १५ कृषी-हवामान विभाग पाडले. त्यात आपण बाराव्यात: पश्चिम किनारपट्टी आणि घाट. म्हणजे कोकणापासून केरळपर्यंत एकच पट्टा. राज्याच्या पातळीवर मात्र महाराष्ट्राचे नऊ विभाग आहेत, आणि त्यातले पहिले दोन कोकणाचे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणजे दक्षिण कोकण किनारपट्टी, भरपूर पावसाचा आणि जांभ्या जमिनीचा विभाग. रायगड-ठाणे-पालघर म्हणजे उत्तर कोकण किनारपट्टी, पाऊस तसाच भरपूर पण जमीन जांभी नसलेली.

हे वाचलं आणि मी वही मिटून बराच वेळ पडवीत बसले. कोकणाच्या या दोन विभागांच्या वर्णनात थंडीचं नावही नाही. पाऊस किती आणि जमीन कोणती, एवढंच विचारलंय. आणि काकींनी लॅव्हेंडर हातात घेऊन तेच विचारलं होतं.

मग पाऊस मोजायला घेतला. सरळ कडांचा स्टीलचा डबा उघड्यावर, माडांपासून लांब ठेवला आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजलं. तळापासून तोंडापर्यंत डबा एकाच रुंदीचा हवा, बस्स. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, हे गणित शाळेत केलेलं असतं, पण आपल्या परड्याला लावून बघितलं की अंगावर येतं. एका दिवशी डब्यात २१२ मिलिमीटर भरलं. चार गुंठे म्हणजे साधारण चारशे चौरस मीटर. त्या एका दिवसात माझ्या परड्यावर ८० हजारांहून जास्त लिटर पाणी पडलं, आठ मोठे टँकर. वर्षाचा एकूण आकडा तीन हजारांच्या थोडा वर गेला आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त पाऊस चार महिन्यांतला. हस्त सरला की मेअखेरपर्यंत डबा जवळपास कोरडा.

म्हणजे आमच्याकडे एकाच जागी दोन हवामानं आहेत. चार महिने झाड बुडत नाही ना ते बघायचं आणि साडेसात महिने वाळत नाही ना ते बघायचं. जांभा पाणी धरून ठेवत नाही. डिसेंबरात वरची माती भुकटीसारखी होते. जे झाड हे दोन्ही सोसतं तेच इथलं. माड, काजू, फणस, कोकम, उंडी ही नावं मी लहानपणापासून ऐकलेली होती, पण ती इथेच का, याचा विचार कधी केला नव्हता.

सगळं परडं तरी एकसारखं कुठे होतं? काकी म्हणायच्या, “पाणी थांबता थंय मुळा कुजतत.” पाणी कुठे थांबतं ते बघायला मी सप्टेंबरात आठ ठिकाणी हातभर खोल खड्डे घेतले, एकदा भरून जिरू दिले आणि पुन्हा भरून घड्याळ लावलं. विहिरीजवळच्या खड्ड्यातलं पाणी वीस मिनिटांत गेलं. मधल्या भागात दीड-दोन तास लागले. ईशान्येच्या कोपऱ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही वीतभर पाणी तसंच होतं, कारण तिथे हातभर मातीखाली सलग कातळ आहे. माझं लॅव्हेंडर आणि एक अडेनियम त्याच कोपऱ्यात होतं. मी ती जागा निवडली होती, कारण तिथे ऊन चांगलं यायचं.

मातीचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिला. सामू ५.४, म्हणजे चांगलीच आम्लधर्मी. एवढ्या पावसात चुन्याचा अंश धुऊन जातो आणि लोह-अॅल्युमिनियम मागे राहतं. जांभ्याचा लाल रंग त्या लोहाचाच. अननसाला, काजूला, मिरीवेलीला ही आम्लता फारशी खुपत नाही. भाज्यांना खुपते. भाजीच्या वाफ्यात आता दर वर्षी पावसाआधी थोडा शेतीचा चुना आणि भरपूर शेणखत घालते, बाकी परड्याला चुना लावत नाही.

वारा हे तिसरं. तो मोजायला माझ्याकडे काहीच नव्हतं, पण १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेलं आणि त्याने तो धडा एका दिवसात दिला. एक माड मोडला, पत्रे उडाले, आंब्याची फांदी विहिरीवर आली. पण त्याहून जास्त लक्षात राहिलं ते चार दिवसांनंतरचं परडं. पश्चिमेकडची सगळी पानं विस्तवावर धरल्यासारखी करपली होती. वाऱ्याने समुद्राचं पाणी उडवून आणून झाडांवर शिंपडलं होतं. पेरूचं झाड अर्धं तपकिरी, अर्धं हिरवं. आणि घराच्या आडोशाला असलेली मिरी, जास्वंद, अबोली यांच्या पानाला धक्का नव्हता. एवढ्याशा परड्यात खाऱ्या वाऱ्याची हद्द आखून दिल्यासारखी दिसत होती.

मी त्या दिवशी परड्याचा नकाशा काढला आणि करपलेली झाडं लाल पेन्सिलीने रंगवली. वादळ रोज येत नाही, पण जून-जुलैतला रोजचा वारा त्याच वाटेने येतो आणि तेच काम हळूहळू करतो. पश्चिमेच्या गडग्यालगत त्याच पावसाळ्यात उंडी, करंज आणि भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांचं किनाऱ्यावरचं) अशी एक ओळ लावली. ती अजून डोक्याएवढी उंच आणि दाट झालेली नाही. तोवर पश्चिमेच्या पट्ट्यात मऊ पानांचं काही लावत नाही, आणि पावसाआधीच्या वाऱ्यांत झाडांवर मीठ बसलं की संध्याकाळी गोड्या पाण्याने पानं धुते.

उन्हाने मात्र मला पुरतं चकवलं. जायफळाला लहानपणी सावली लागते, म्हणून मी कलम घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत लावलं. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तिथे ऊन नसतंच. एप्रिलअखेर पानांवर पांढरट चट्टे आले, मेच्या मध्याला निम्मी पानं भाजून गेली. मला पाण्याची चूक वाटली, मी पाणी वाढवलं. मग एका दुपारी सावली बघितली आणि कळलं. आम्ही साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. शून्य सावलीचा दिवस आमच्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तो त्याआधीपासूनच उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे कडक उन्हाच्या नेमक्या महिन्यात उत्तरेची भिंत उघडी पडते. पुढे पावसाचे ढग येतात म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण मे महिना झाडाला पुरतो. बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत उत्तरेची बाजू कायम सावलीची सांगतात, आणि त्या देशांत ते खरंच आहे. मी जायफळावर माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला. ते वाचलं. आता दर वर्षी एप्रिलमध्ये मांडव घालते आणि मृगात काढते.

यातलं बहुतेक होईपर्यंत दोन वर्षं गेली. मग झाडं आणायला वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात गेले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र, काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती इथल्याच. या वेळी माझ्या हातात परड्याचा नकाशा होता. कुठे पाणी थांबतं, कुठे खारा वारा लागतो, कुठे कोणत्या महिन्यात ऊन येतं. तिथल्या माणसाने तो शांतपणे पाहिला आणि मी विचारण्याआधीच दोन जागांवर बोट ठेवून सांगितलं की इथे काजू नको, इथे कोकम ठेवा. कोकमाची कलमंच घ्या, असंही बजावलं. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांपासून आलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. जायफळाचंही तसंच. नाशिकहून येताना मी असा हिशेब कधी केलाच नसता. द्राक्षाला नर-मादीचा घोर नसतो.

दोन कोकम, एक काजू वेंगुर्ला-७, आणि माडांवर चढवायला मिरीचे वेल घेऊन आले. मिरी माडाच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला लावतात, दक्षिण-पश्चिमेचं ऊन खोडावर थेट येऊ नये म्हणून. एवढं साधं, पण त्यासाठी माड कोणत्या बाजूने तापतो ते आधी बघितलेलं लागतं.

भाजीत मला जास्त वेळ लागला, आणि एका झाडाने तर रडवलं. टोमॅटो. रोप उत्तम वाढायचं, फुलं यायची आणि एका दुपारी हिरवंच्या हिरवं मान टाकायचं. पाणी घातलं तरी उठायचं नाही. पानावर डाग नाही, किडीचं नाव नाही. एका जाणत्या शेतकऱ्याने मला परीक्षा शिकवली: मेलेल्या रोपाचा देठ बुंध्याजवळ तिरपा कापायचा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लोंबता धरायचा. चार-पाच मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरताना दिसले. तो जिवाणूजन्य मर रोग. उबदार, ओल्या, आम्ल जमिनीत तो जिवाणू वर्षानुवर्षं राहतो आणि त्यावर फवारून उपाय होत नाही. मिरची, वांगी, बटाटा हीही त्याच कुळातली, म्हणून तो वाफा मी तीन वर्षं त्या सगळ्यांसाठी बंद केला आणि तिथे मका, चवळी, माठ फिरवत राहिले. टोमॅटो आता डिसेंबरात, नव्या मातीच्या मोठ्या कुंड्यांत, बंगळुरूच्या संस्थेची ‘अर्का रक्षक’ जात लावते. तिच्यात या मरीला सोसायची ताकद आहे. निफाडला ज्यांच्या शेतात टोमॅटोच्या गाड्या भरतात त्या माझ्या भावाला मी कुंडीतले अडीच किलो टोमॅटो पाठवले होते. त्याने फोन करून बी विचारून घेतलं.

बाकी भाजीचं वेळापत्रक मी गावाकडूनच घेतलं आणि त्यात माझी एकही दुरुस्ती टिकली नाही. मृगाच्या तोंडावर पडवळ, दोडकी, तवशी आणि चिबूड, तेही उंच वरंब्यावर, वर मांडव. पावसात पालेभाजी पेरायची नाही, ती आपोआप उगवते: टाकळा, कुरडू. मी पहिल्या वर्षी टाकळा तण म्हणून उपटून फेकला आणि पालकाचं बी पेरलं. पालक सडला, टाकळा काकींनी उचलून नेऊन भाजी करून मला वाटीभर पाठवला. हस्ताचा पाऊस ओसरला की मुळा, लाल माठ, वाल. भात कापल्यावर ओलीवर कुळीथ. डिसेंबरपासून वांगी, कोबी, मिरची. मार्च ते मे नवीन काही लावायचं नाही. त्या तीन महिन्यांत पाणी फक्त मोठ्या झाडांच्या आळ्यांत, आणि आळ्यात नारळाच्या सोडणांचं, म्हणजे काथ्याच्या सालींचं, जाड आच्छादन. सोडणाची बाहेरची गुळगुळीत बाजू खाली आणि काथ्याची वर नव्हे, तर उलट, काथ्या खाली लावला की ओल जास्त टिकते, असं मला दोन उन्हाळ्यांत दिसलं.

गेल्या वर्षी भाचीने पुण्याहून विचारलं, तिच्या गच्चीसाठी अडेनियम आणायचं आहे, तुमच्याकडे का मेलं? माझ्याकडे आता अडेनियम आहे. पडवीत, पागोळ्यांच्या आत, निम्मी वाळू आणि विटेच्या चुऱ्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी त्याला हातानेसुद्धा पाणी घालत नाही. यंदा मार्चमध्ये फुललं. तिला मी पट्टीवरचा आकडा विचारलाच नाही. गच्चीवर पावसाचं पाणी किती वेळ साचतं, कुंडी पत्र्याखाली सरकवता येईल का, एवढंच विचारलं.

ईशान्येचा कोपरा अजून मोकळा आहे. काकींचं म्हणणं, तिथे अळू लाव आणि विसरून जा. माझ्या मनात तिथे दगड रचून दोन हात उंच ओटा करायचा आणि त्यावर अननस लावायचा, असं आहे. या पावसात मी तिथे खुणा केलेली काठी रोवून ठेवली आहे. काल पुनर्वसूच्या सरीनंतर पाणी दुसऱ्या खुणेपर्यंत चढलं होतं आणि आज सकाळी दहा वाजता अजून पहिल्या खुणेवर होतं. ऑगस्टअखेरपर्यंत रोज लिहिते आहे. ओटा किती उंच बांधायचा ते त्यावरून ठरेल.